अंबरनाथचा ‘अंबर’



इथे इंग्लंडात सिग्नलच्या मधल्या दिव्याला ‘अँबर’ म्हणतात. मागच्या सुट्टीत नातीला घेऊन माहेरी अंबरनाथला गेले, तर फलाटावरची इंग्रजी पाटी वाचून तिनं विचारलं, “आजी, हा तोच अँबर का गं?”

तिला घेऊन थेट शिवमंदिरात गेले. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठचं हे देऊळ. मंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. वरचं शिखर अपुरंच राहिलेलं, त्यामुळे पिंडीपाशी उभं राहून मान वर केली की आभाळ दिसतं. तिला म्हटलं, हे आपलं अंबर. संस्कृतात त्याचा आणखी एक अर्थ वस्त्र. पीतांबर, दिगंबर त्यातूनच आले. आभाळ काय नि वस्त्र काय, दोन्ही आपल्याला वेढून असतात.

सिग्नलचा अँबर मात्र आला अरबी ‘अन्बर’मधून. व्हेलच्या पोटात तयार होणारा हा सुगंधी पदार्थ. त्याची तस्करी करणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपल्या कोकणातूनही येतात. फ्रेंचांनी त्याला करडा अंबर म्हटलं आणि बाल्टिक किनाऱ्यावर सापडणाऱ्या झाडांच्या अश्मीभूत राळेला पिवळा. पुढे राळेचं नाव तिच्या रंगाला मिळालं आणि रंगाचं दिव्याला.

हा अरबी अंबर महाराष्ट्रात फार पूर्वीच आला होता, एका माणसाच्या नावातून. गुलामांना सुगंधांची, रत्नांची नावं देण्याची तेव्हा रीत होती. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, विकल्या गेलेल्या एका मुलाचं नाव असंच ‘अंबर’ ठेवलं गेलं. तोच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, १६१० साली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा. आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडलं आणि मालकानं दिलेलं इतिहासात राहिलं, याची मला आजही हळहळ वाटते.

पन्हाळ्याचा अंबरखाना आणखी निराळा. तो फारसी ‘अंबार’, म्हणजे कोठार. धान्याचे अंबार आपण म्हणतो तो हाच, आणि रशियन शेतकऱ्याचं कोठारही ‘अंबार’च.

आपल्या मेळाव्यांत कुणीतरी हमखास सांगतं की जगातले सगळे शब्द संस्कृतातून निघाले. मुलांना हे शिकवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे तीन अंबर एकमेकांचे कुणी लागत नाहीत. उच्चार जुळला म्हणून रक्ताचं नातं ठरत नाही, आणि परक्या मुलखातून आलेला शब्द आपला व्हायचाही राहत नाही.

देवळातून निघालो ते बदलापूरला मावशीकडे. शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे तिथे बदलले जात म्हणून ते नाव पडलं, असं मावशी सांगते. गाडीत नातीला सांगितलं की बदल, बदली, मोबदला ही सगळी अरबी भावंडं. ती बोटांवर मोजू लागली. अंबरनाथ मागे पडलं होतं आणि डब्याच्या दारातून आभाळ दिसत होतं.