लस फ्लूची, हिशेब सर्दीचा

"डॉक्टर, फ्लूची लस दिली होती ना? मग या पावसाळ्यात हिला चार वेळा सर्दी कशी झाली?"

बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: लस फक्त इन्फ्लुएन्झाची, बाकीच्या सर्दीशी तिचा संबंध नाही. आई मान डोलावते आणि फाइल उचलून बाहेर पडते. उत्तर ढोबळमानाने बरोबर आहे. मात्र 'संबंध नाही' म्हणण्यामागे गेल्या पंधरा वर्षांचा बराच वाद आहे, आणि लस टोचणाऱ्यांना तो ठाऊक असायला हवा.

एका विषाणूने दुसऱ्याची वाट अडवणे ही गोष्ट जुनी आहे. 1957 मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेने निष्क्रिय केलेला विषाणू सोडला. पुढे जिवंत विषाणू आणून सोडला तरी ते तुकडे त्याला दाद देईनात. पेशींनी बाहेर टाकलेल्या ज्या द्रव्यामुळे हे घडले, त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. योगायोग असा की तो निष्क्रिय केलेला विषाणू इन्फ्लुएन्झाचाच होता.

प्रयोगशाळेतली ही अडवणूक वस्तीतही दिसते. 2009 च्या शरद ऋतूत फ्रान्स आणि स्वीडनमध्ये सर्दीच्या राइनोव्हायरसची लाट सुरू असताना स्वाइन फ्लूची साथ रेंगाळत आली, असे तिथल्या संशोधकांनी त्याच वेळी नोंदवले. पुढे येल विद्यापीठात एलेन फॉक्समन यांच्या गटाने माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशी वाढवून त्यांना आधी राइनोव्हायरस आणि तीन दिवसांनी स्वाइन फ्लूचा विषाणू दिला. दुसऱ्याची वाढ जवळपास खुंटली. इंटरफेरॉनचा मार्ग औषधाने बंद करताच तो पुन्हा जोमाने वाढला. 2020 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. ही ढाल काही दिवसांचीच असते, आणि ती मिळते ती खऱ्याखुऱ्या संसर्गातून.

इथेच लसीचा प्रश्न येतो. लसीने फ्लू टळला, तर फ्लूमुळे मिळणारी ही तात्पुरती ढालही टळते. मग ती मोकळी जागा दुसरा विषाणू घेतो का?

हाँगकाँगमध्ये बेंजामिन काउलिंग यांच्या गटाला तसे वाटले. 6 ते 15 वर्षांच्या 115 मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून लस किंवा प्लासिबो दिले आणि सुमारे नऊ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले. 2012 मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्यांत फ्लूखेरीज इतर श्वसनविषाणूंचा संसर्ग सुमारे 4.4 पट. आकडा दचकवणारा आहे. पण त्याची विश्वासमर्यादा 1.3 पासून जवळपास 15 पर्यंत पसरलेली होती, म्हणजे मोजलेले संसर्ग मोजकेच होते. शिवाय त्या मुलांत चाचणीने सिद्ध झालेल्या फ्लूच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरकच सापडला नव्हता. फ्लू टळलाच नसेल, तर टळलेल्या फ्लूची ढाल हरवली कशी? संशोधकांचे स्पष्टीकरण तिथे जरा अडखळते.

खरा गोंधळ उडाला तो 2020 मध्ये. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील लोकांच्या 2017-18 च्या नोंदींवर आधारित एका शोधनिबंधात लस घेतलेल्यांत हंगामी कोरोनाविषाणू 36 टक्के जास्त आढळल्याचे एक कोष्टक होते. एकूण पाहता विषाणू-अडवणुकीला फारसा आधार नाही, हेही त्याच निबंधात लिहिलेले होते. पण कोविड आला, ते 36 टक्के व्हिडिओंमधून जगभर फिरले आणि उरलेले वाक्य मागेच राहिले.

त्या आकड्यातली मेख समजायला कागद-पेन्सिल पुरते. समजा, लस न घेतलेल्या 100 रुग्णांचे स्वॅब घेतले. त्यांत 40 फ्लूचे निघाले. उरलेल्या 60 पैकी 12 हंगामी कोरोनाविषाणूचे. लस घेतलेल्या 100 जणांत लसीमुळे फ्लू 20 वरच थांबला. उरलेल्या 80 पैकी 16 कोरोनाचे. वरवर पाहता 12 चे 16 झाले, म्हणजे लसीने कोरोना वाढवला! पण फ्लूचे स्वॅब बाजूला काढून पाहा: 60 पैकी 12 आणि 80 पैकी 16, दोन्हीकडे 20 टक्केच. हे आकडे कल्पित आहेत, चूक मात्र खरी आहे. तुलनेच्या गटात फ्लूचे रुग्ण ठेवले, की लस जितकी चांगली तितकी ती बदनाम होते.

ही चूक दाखवून देणाऱ्यांत कॅनडाच्या डनुटा स्कोव्रोन्स्की होत्या. त्यांच्या गटाने अमेरिकी आकड्यांतून फ्लूचे रुग्ण वगळले, तेव्हा तो संबंध विरून गेला. कॅनडातील सात हंगामांच्या नोंदींतही तो सापडला नाही. त्यांचे नाव मुद्दाम घ्यायला हवे. 2009 ची साथ आली तेव्हा आदल्या हंगामाची लस घेतलेल्या कॅनडातील लोकांना स्वाइन फ्लूसाठी डॉक्टरकडे जाण्याचा धोका 1.4 ते 2.5 पट असल्याचे दाखवणाऱ्याही याच. तो निष्कर्ष कुणालाच आवडला नव्हता. लसीची पाठराखण करणे हा काही त्यांचा धंदा नाही, आणि म्हणूनच त्यांच्या कोरोनाविषाणूबाबतच्या निष्कर्षाला वजन येते.

नाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि तीही जपूनच घ्यावी. नेदरलँड्समधील नायमेखेन येथे मिहाई नेतेआ यांच्या गटाला 2019-20 ची फ्लूची लस घेतलेल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांत पहिल्या लाटेत कोविड 37 टक्के कमी दिसला. 'प्रशिक्षित' जन्मजात प्रतिकारशक्ती हे त्याचे सुचवलेले कारण. पण लस आपणहून घेणारा माणूस मास्कही नीट लावतो. निरीक्षणातून हा भेद पुरता निघत नाही. क्षयरोगाच्या बीसीजी लसीबाबत अशीच आशा होती. सुमारे 4000 आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या ब्रेस चाचणीने 2023 मध्ये तिच्यावर पाणी फिरवले.

म्हणून त्या आईला काय सांगावे? लस इन्फ्लुएन्झासाठी आहे, सर्दीची संख्या तिने कमी होईलच असे नाही, आणि ती वाढते याला भक्कम पुरावा नाही. एवढे पुरे. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात, जोर धरतो आणि त्याच दिवसांत राइनोव्हायरस, आरएसव्ही असे इतर श्वसनविषाणूही फिरत असतात. चार सर्द्यांपैकी कोणती कशाची, हे स्वॅबशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

लसीने इतर विषाणू वाढतात का, हा प्रश्न आपल्याकडे तपासायचा तर अडचण आणखी साधी आहे. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे सरकारी कार्डावर तिचा रकाना नसतो. केसपेपरवर 'लसीकरण पूर्ण' एवढेच असते. तिथे फ्लूच्या लसीची तारीख, ब्रँड आणि ती टोचलेली की नाकात मारलेली, हेही लिहावे. 2010 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी नाकात मारायची जिवंत विषाणूची लस आणली होती. अशी लस नाकाच्या आवरणातच वाढते, टोचायची निष्क्रिय लस तिथवर पोहोचत नाही. पुढे कुणी मोजायला बसले, तर या दोन्ही एकाच रकान्यात घालून चालणार नाही.