मातृभाषा की पारपत्र?

इंग्रजी शिकविण्यास अंगी काय असावे लागते? भाषेचे ज्ञान, स्पष्ट उच्चार आणि मुलांविषयी कळकळ, असे कोणीही सांगेल. दक्षिण कोरियाचे सरकार मात्र प्रथम पारपत्र पाहते. परदेशी भाषाशिक्षकांसाठी तेथे 'ई-२' नावाचा प्रवेशपरवाना आहे. इंग्रजीपुरता तो सामान्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्याच नागरिकांस मिळतो. खासगी शिकवणीवर्गांत त्यांची पदवी कोणत्याही विषयाची चालते. २०१० साली अमलात आलेल्या करारामुळे भारतीयांस शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मोकळी झाली. पण त्यांनी पदवीबरोबर शिक्षकी पात्रतेचा दाखलाही आणला पाहिजे. एकास जन्म पुरतो, दुसऱ्यास विद्या सिद्ध करावी लागते!

हा समज आजचा नव्हे. १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथील परिषदेत, जन्मतः इंग्रजी बोलणारा तोच आदर्श शिक्षक, या मतास प्रतिष्ठा मिळाली. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात तो निव्वळ भ्रम असल्याचे दाखविले. तरीही बाजार भ्रमावरच चालतो.

वस्तुतः कोरियन भाषेत मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे दोहोंतही नाहीत. कोरियन मूल जेथे अडखळते, तेथे मराठी शिक्षक स्वतः कधीतरी अडखळलेला असतो. ज्याने तो घाट चढलाच नाही, त्यास वाटेतील खड्डे कसे ठाऊक असणार? उच्चार आणि वाक्प्रचार यांत त्याचा अधिकार मोठा, हे मान्य. परंतु बोलता येणे निराळे आणि शिकविता येणे निराळे.

परदेशी जाणाऱ्या त्या तरुणांस आम्ही दोष देत नाही. त्यांचा परवानाही एकाच मालकाशी बांधलेला. मालक वाईट निघाला तर दुसरी नोकरी धरणेही सोपे नसते. खरे नुकसान होते ते वर्गातील मुलांचे.

भाषा राज्यांच्या रेषांनी ठरत नाही, हे सीमाभागातील वाचकांस कोणी शिकवावयास नको. परंतु केवळ जन्माच्या बळावर ती शिकविताही येत नाही. आपल्या शाळांतून मराठीचा शिक्षक निवडताना, 'तो मराठीच आहे' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे.