कशावरून?

प्रमाण मानावयाचे ते कशास? थोरांच्या वचनास, की मोजमापास? ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, तेथे हा वाद नित्याचाच. विज्ञान तो कसा सोडविते, ह्याचे एक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

सूर्यासारख्या जड गोलाजवळ अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, हा आईन्स्टाईन ह्यांचा १९१५ सालचा सिद्धान्त. विधान थोराचे खरे. तथापि शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा सोडली नाही. १९६४ साली अर्विन शापिरो ह्यांनी एक युक्ती सुचविली. शुक्र अथवा बुध सूर्यापलीकडे गेला असता त्याजवर रडारच्या लहरी सोडाव्या आणि त्या परतण्यास लागणारा वेळ मोजावा. सूर्याला लगटून जाताना त्यांस विलंब झाला पाहिजे. तो किती? सुमारे अर्ध्या तासाच्या प्रवासात सेकंदाचा पाचहजारावा भाग! पुढील काही वर्षांतच तो मोजला गेला. २००२ साली शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ-संदेशांवरून हीच परीक्षा अधिक कसून घेण्यात आली. लाखात दोन-तीन भाग इतक्या सूक्ष्म मापासही सिद्धान्त उतरला.

ह्या विद्येचे एक बीज नवी मुंबईच्या शेजारीच रुजले. १९६५ साली गोविंद स्वरूप ह्यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या कल्याणास उभारून सूर्याच्या रेडिओ-लहरी टिपल्या. त्याच कल्याणवरून माळशेज घाट चढून गेले की नारायणगावाजवळ खोडद लागते. पुढे तेथे स्वरूप ह्यांच्याच पुढाकाराने प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. स्पंदक नावाचे मृत तारे गरगर फिरताना घड्याळासारखे नियमित ठोके देतात. गुरुत्वलहरी वाटेत आल्या, तर ते ठोके किंचित मागेपुढे होतात. जून २०२३ मध्ये खोडदच्या नोंदी युरोपातील नोंदींस जोडून शास्त्रज्ञांनी अशा लहरींचा पुरावा मांडला. मात्र त्यांनी ‘पुरावा मिळाला’ एवढेच म्हटले. ‘सिद्ध झाले’ असे म्हटले नाही. हा संयम आम्हांस शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. नातवाने ‘कशावरून?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. प्रत्यक्ष आईन्स्टाईन ह्यांसही जगाने तोच प्रश्न विचारला, आणि त्याने त्यांची थोरवी उणी झाली नाही, उलट वाढली.