एकच गळ पुरे

मांजरीत राहून समुद्रातल्या मासेमारीवर लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच. उशाशी मुळा-मुठा आहे, पण तिच्यातली जलपर्णी आणि शहराचं सांडपाणी बघितलं की गळ टाकायची इच्छाच मरते. म्हणून आमच्यासारखी हौशी मंडळी विकांताला घाट उतरून रायगडच्या खाड्या गाठतात. सोबत बाजारातला चकचकीत प्लास्टिकचा मासा आणि त्याला तीन-तीन तोंडांचे दोन गळ, म्हणजे एकूण सहा काटे!

माझं म्हणणं साधं आहे. ज्यांना मासे पोटासाठी नाही तर मजेसाठी धरायचेत, त्यांनी हे सहा काटे सोडावेत आणि एका गळाचा फोमचा फ्लाय घरी बांधायला शिकावं.

फ्लाय म्हणजे माशी खरी, पण समुद्रातला फ्लाय सोंग घेतो छोट्या माशाचं नाहीतर कोळंबीचं. नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा 'गर्गलर'. बॉस्टनच्या जॅक गार्टसाइड यांनी तो १९८० च्या दशकात बांधला. कृती अशी: गळ पकडीत धरा, त्यावर घट्ट दोरा गुंडाळा. मागे बोकडाच्या लांब केसांची शेपटी बांधा. (परदेशी कृतींमध्ये हरणाचे केस असतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तेव्हा तो विचारही नको.) शेपटीजवळच २ मिमी जाडीच्या फोमची सेंटीमीटरभर रुंद पट्टी बांधून मागे मोकळी सोडा. कोंबड्याच्या मानेचं पीस पुढे गुंडाळत आणा, मग पट्टी पाठीवरून पुढे दुमडून गळाच्या डोळ्यामागे आवळा. पुढे थोडा 'ओठ' उभा ठेवा. झालं!

स्टेशनरीच्या दुकानातली ही फोम शीट म्हणजे आपल्या चपलेच्या तळव्यातलंच ईव्हीए. आतले हवेचे कप्पे बंद असल्यामुळे पाणी शिरत नाही आणि फ्लाय बुडत नाही. दोरी हिसक्याहिसक्याने ओढली की ओठ पाणी ढकलतो, गुळगुळ आवाज होतो, आणि खालच्या माशाला वाटतं कोणीतरी जखमी पिल्लू धडपडतंय. हिसक्यांच्या मध्ये थांबा, बरेचदा मासा तेव्हाच झेपावतो. फ्लाय हलका असतो, त्यामुळे फेकीचं वजन दोरीतच असतं. हा सराव गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून मोकळ्या मैदानात करता येतो.

आता मुद्द्याचं. खाडीतला मानाचा मासा म्हणजे जिताडा. जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण जो सगळ्यात मोठा मासा उचलून धरतो, ती बहुतेक वेळा लाखो अंडी घालणारी मादी असते. सहा काट्यांत कल्ले फाटलेली मादी पाण्यात सोडली तरी तिचा काय उपयोग? एकच गळ, त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला, बहुतेकदा ओठातच लागतो आणि झटकन निघतो.

'कोळी जाळं टाकतात, माझ्या एका माशाने काय बिघडतं?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अहो, त्यांचं घर त्यावर चालतं, आपलं चालतं पगारावर. दोघांना एकच माप कसं लावणार? 'सोडायचाच तर धरता कशाला?' हा आक्षेप मात्र जास्त खरा आहे. मासा छळ सोसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून माझा नियम: खायचा तर मध्यम आकाराचा एक, तोही लगेच मारून. मोठी मादी आणि पिल्लं पाण्याबाहेर फार न ठेवता परत. फोटो राहिला तरी चालेल.

अर्थात, फोमही प्लास्टिकच. तुटून समुद्रात राहिला तर तो कचराच, तेव्हा दोरी जाड वापरा आणि खडकात अडकलेला फ्लाय सोडवून आणा. स्वतः अर्धा तास खपून बांधलेली वस्तू माणूस सहज टाकून येत नाही, हा घरी बांधण्याचा आणखी एक फायदा :)