काळीची शोभा पांढरींत

आपल्या मराठवाड्यांत गांवच्या वस्तीच्या जागेस पांढरी व शेतजमिनीस काळी म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. पिकावें काळींत आणि नांदावें पांढरींत, असा या दोहोंचा संबंध. हा संबंध हल्लीं घराच्या सजावटीपुरता तरी तुटत चालला आहे, ही गोष्ट पाथरी तालुक्यांतील शेतकरी बंधूंच्या कानावर घालावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

कापसाचे दोन पैसे हातीं आले, कीं जुनें माळवद उतरवून सिमेंटचें घर उभें राहतें. त्यांत गैर कांहींच नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच. पण घर पुरें झालें कीं त्यास निसर्गाचें रूप देण्याची जी हौस अलीकडे निघाली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. बैठकीच्या भिंतीवर धबधब्याचें चित्र छापलेला कागद, दारावर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचें तोरण, कोनाड्यांत न कोमेजणारीं फुलें, आणि ओसरीवर हिरव्या प्लास्टिकची हिरवळ! ज्याच्या बांधावर खरा आंबा उभा आहे त्यानें खोटीं पानें विकत आणून दारास बांधावीं, याला काय म्हणावें? उलट शहरांत पाहावें, तर तेथील हौशी लोक बोंडांसकट वाळलेल्या पळाटीच्या फांद्या आणि गव्हाच्या ओंब्यांच्या जुड्या पैसे मोजून घेतात व फुलदाणींत ठेवितात. आम्ही तीच पळाटी पेटवून देतों, आणि कारखान्यांत ओतलेलीं फुलें घरीं आणितों. सजावटीच्या थर्माकोलला राज्यांत २०१८ सालीं बंदी झाली. पण बंदीनें वस्तु जाते, आवड जात नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं शेतकऱ्याच्या घराची शोभा त्याच्या स्वतःच्या शेतांतून व अंगणांतून यावी, आणि त्या शोभेनें शक्य तेथें घराचें कांहीं कामही करावें.

याचा दाखला फार दूरचा नाहीं. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें १९३६ सालीं गांधीजी राहावयास गेले, तेव्हां तेथील घरें त्या परिसरांत मिळणाऱ्या माती, लांकूड व बांबू यांचींच बांधलीं गेलीं. बापू-कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनीं ताडामाडासारखीं झाडें व चरखा यांचीं चित्रें उठावांत काढलीं आहेत. तीं विकत आणून लाविलेलीं नाहींत; भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचें. त्यापूर्वीं एकच वर्ष, १९३५ सालीं, रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत 'श्यामली' हें मातीचें घर बांधविलें. त्याच्याही भिंतींवर नंदलाल बोस व त्यांचे विद्यार्थी यांनीं उठावाचें काम केलें. एवढ्या मोठ्या माणसांनीं मातीस मान दिला म्हणून आपणही द्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या घरच्या बायका नागपंचमीस भिंतीवर नाग काढीत व बलिप्रतिपदेस अंगणांत शेणाच्या गवळणी मांडीत, ती हीच विद्या होती. तिला कोणी कला म्हटलें नाहीं, इतकेंच.

येथें कोणी विचारील, मग काय पुन्हां माळवदांत राहावयास जावें? नाहीं. माळवदाचे गुण आम्हांस ठाऊक आहेत. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लांकडी तुळया, त्यांवर किलचन व पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर गार राही व हिवाळ्यांत उबदार. ज्या परभणींत वैशाखांत पारा चाळीस अंशांवर जातो, त्याच परभणीच्या कृषि विद्यापीठांत २०१८ च्या डिसेंबरअखेर तो २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा मुलखास तें घर साजेसें होतें. परंतु दरवर्षीं मृगापूर्वीं नवी माती टाकण्याच्या रिवाजानें छपराचें ओझें वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां याच जड छपरांखालीं व नुसत्या मातीनें सांधलेल्या दगडांच्या भिंतींखालीं सहस्रावधि माणसें गाडलीं गेलीं. तेव्हांपासून ज्यानें त्यानें लोखंड-सिमेंटचा आसरा शोधला, त्यास कोणीही नांवें ठेवूं नयेत. घराचा सांगाडा पक्काच असावा. आमचा वाद सांगाड्याशीं नाहीं, त्यावर चढविलेल्या सोंगाशीं आहे.

दुसरी गोष्ट सारवणाची. पुरुषमंडळी ओसरीवर बसून शेणाच्या सारवणाचे गुण गातात. कंबर मात्र बायकांची मोडते. घरांत फरशी आली व ती मेहनत सुटली, हें चांगलेंच झालें. म्हणून ज्या सजावटीनें घरांतील बाईचें रोजचें काम वाढेल, तिची शिफारस आम्ही करणार नाहीं. ओसरीच्या आंतल्या अंगास, जेथें पाऊस लागत नाहीं, अशी एखादी भिंत निवडावी व वर्षांतून एकदां, दिवाळीपूर्वीं, सर्वांनीं मिळून ती लिंपावी. यास काळी माती चालत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. ती पाण्यानें फुगते व वाळतांना भेगाळते. पांढरी माती चाळून, तींत गव्हाचा भुसा व शेण मिसळून, चार-सहा दिवस भिजत घालावें व रोज तुडवावें. गुळगुळीत सिमेंटवर माती धरत नाहीं, म्हणून भिंत आधीं टांचून खरबरीत करावी. पातळ थर द्यावा, तो वाळूं द्यावा, मग दुसरा. त्यावर बोटांनीं ज्वारीचें कणीस, बैलजोडी, मोर, जें सुचेल तें उठवावें, आणि गेरू, चुना व पिवडी यांनीं रंगवावें. घरांतील मुलें या कामास आपण होऊन येतात.

आतां छपराकडे वळूं. सिमेंटचें छत दिवसभर ऊन पितें व रात्रभर तें खालीं सोडितें, हा अनुभव पाथरींत कोणास नवा नाहीं. कळीचा चुना भिजवून, गाळून, थोडा डिंक मिसळून चैत्रांत गच्चीस दोन हात दिले, तर पांढऱ्या रंगामुळें बरेंच ऊन परत जातें व खालची खोली त्या मानानें निवते. पावसानें हा थर धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्यांत तो द्यावा लागतो. चुना भिजवितांना उकळतो, तेव्हां लहान मुलांस दूर ठेवावें व डोळे सांभाळावे. पश्चिमेच्या भिंतीस दुपारचें ऊन फार लागतें. तेथें तुराट्यांचा ताटवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, उभा करावा व त्यावर दोडका, कारलें किंवा वाल चढवावा. अंतर सोडण्याचें कारण वाळवी व ओल. वेल हिरवा झाला कीं भिंतीस सावली, डोळ्यांस गारवा व घरास भाजी. बैठकींतल्या कागदी धबधब्यापेक्षां हा वेल आम्हांस अधिक सुंदर दिसतो. आवडीचा प्रश्न आहे, हें मान्य. त्याच बाजूस घरापासून पुरेसें दूर एक कडुनिंब लावावा. तो नातवंडांच्या कामीं येईल.

झाडांच्या बाबतींत पाण्याचा हिशेब आधीं करावा. तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो खरा, पण कालवा असणें व कालव्यांत पाणी असणें या दोन गोष्टी आहेत. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें मराठवाड्यानें विसरूं नये. हिरवळीचे गालिचे आपल्या अंगणास शोभत नाहींत. न्हाणीचें सांडपाणी मात्र रोज असतेंच. त्यावर केळ, कर्दळ व अळू सुखानें वाढतात, आणि दाराशीं चिखल व डास होण्याचेंही कमी होतें.

शोभेचें झाड विकत घेतांना एक सावधगिरी. आज माळरानें व्यापून बसलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठींच आणिली गेली. तिचा पाला जनावरांस विषारी आहे. गोदावरींत जागोजाग दिसणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेंतून तिच्या जांभळ्या फुलांपायीं देशोदेशीं गेली. फुलें पाहिलीं शौकिनांनीं, आणि निंदण पडलें शेतकऱ्याच्या गळीं! पिवळी कण्हेरही गोठ्याजवळ वा मुलांच्या हातीं लागेल अशी लावूं नये. तिच्या बिया प्राणघातक असतात. जाई, मोगरा, पारिजातक, गोकर्ण हीं आपलीं ओळखीचीं आहेत, त्यांवर समाधान मानावें.

पळाटीची गोष्ट अर्धी राहिली. मानवतच्या बाजारांत कापूस घालून परततांना चार फांद्या फुलदाणीसाठीं राखाव्या, असें म्हणणें सोपें आहे. पण २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें या भागांत काय हाहाकार केला, तें वाचक जाणतातच. ही अळी किडक्या, न उमललेल्या बोंडांत व जोडलेल्या सरकींत निजून राहते व पुढच्या हंगामांत पतंग होऊन बाहेर पडते. म्हणून पळाटीचे ढीग घराशेजारीं लावूं नयेत. फुलदाणीसाठीं पूर्ण उमललेलीं निरोगी बोंडेंच निवडावीं, कवडी एकही नको, आणि उन्हाळा लागतांच त्या फांद्या चुलींत घालाव्या. ज्वारीस ही भीति नाहीं. पेरा घटला असला तरी ज्यांच्या शेतांत ती आहे, त्यांनीं दहा-वीस भरलेलीं कणसें गुंफून ओसरीस टांगावीं. चिमण्या तीं पंधरा दिवसांत रितीं करितात, आणि त्यांची ती धांदल पाहण्यासारखी असते.

आंब्याच्या डहाळ्यांचें तोरण आठ दिवसांत वाळतें, म्हणून प्लास्टिकचें बरें, असें एका गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें. वाळलें तर तें उकिरड्यांत जाऊन खत होतें. प्लास्टिकचें दोन वर्षें धूळ खातें, आणि मग गाईच्या पोटांत जातें. नवरात्रांतील घटही नवव्या दिवसानंतर टिकत नाहीं. पण शेतची माती व घरचें धान्य घालून तो बसविला, तर बियाण्याचा जोम कसा आहे हें घरबसल्या दिसतें.

तालुक्यांत अजून कांहीं घरीं लिंपलेल्या भिंती, रंगविलेल्या कणग्या, व जुन्या हातच्या उठावाचीं कामें शिल्लक असतील. ज्यांच्या घरीं तीं आहेत, त्यांनीं माती कोठची, मिश्रणाचें प्रमाण काय, व तें काम कोणत्या बाईकडून कोणी शिकलें, एवढें लिहून संस्थेकडे धाडावें. वयस्क मंडळींस विचारून घेणें झालें तर याच दिवाळींत घ्यावें.