आधी वाघिणी, मग इंजिन

रेल्वेची मॉडेल्स बनवणारा भेटला की लोक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. कुठलं आहे, केवढ्याला पडलं, धूर सोडतं का? मागे जोडलेल्या वाघिणींकडे कुणी बघत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. एखादी छोटी कोळसावाहू रेल्वे मॉडेलमध्ये उभी करायची असेल, तर पैसा आणि वेळ आधी तिच्या वाघिणींवर घालवावा. इंजिन सगळ्यात शेवटी आणलं तरी चालतं.

मी बनवतो ती रेल्वे आहे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची ‘ईस्ट ब्रॉड टॉप’. ॲपलाचियन डोंगरांतली, मुख्य मार्ग जेमतेम 33 मैल, रुळांमधलं अंतर 3 फूट. 1870 च्या दशकात ती सुरू झाली आणि 1956 मध्ये तिची मालवाहतूक थांबली. रॉबर्ट्सडेल, वुडव्हेल या भागातल्या खाणींचा कोळसा भरायचा, खाली माउंट युनियनला आणायचा आणि तिथे बलाढ्य पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या हवाली करायचा, हे तिचं मुख्य काम.

युनिटमधले विचारतात, “सर, आपल्याकडे रेल्वे कमी आहेत का, की पार पेनसिल्व्हेनियाला जायचं?” त्याचं उत्तर गेजमध्ये आहे. आसामात जुन्या काळी नोकरी केलेल्या वाचकांना मीटरगेज आणि ब्रॉडगेजच्या सांध्यावर काय होतं ते सांगायला नको. माल एका गाडीतून उतरवा, दुसरीत चढवा. त्यात माणसं जातात, वेळ जातो, काही माल फुटतो, काही गायब होतो. 1944 मध्ये बंगाल-आसाम रेल्वेचा मीटरगेज भाग अमेरिकन सैन्याच्या रेल्वे बटालियन्सनी चालवायला घेतला, कारण पूर्वेकडच्या आघाडीची रसद या अरुंद रुळांवर अवलंबून होती. एएससीतल्या कुणालाही विचारा, गेज बदलतो तिथे रसदेचा गळा आवळला जातो.

माउंट युनियनला हा प्रश्न रोजचाच होता आणि त्याची उत्तरं वाघिणींत दिसतात. कोळसा अरुंद वाघिणींतून खाली ओतायचा, साफ करायचा आणि मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत भरायचा. इतर मालासाठी 1930 च्या दशकात त्यांनी वेगळीच युक्ती काढली. लाकडाचे ओंडके हलवण्यासाठी उभारलेल्या क्रेनने मोठ्या रेल्वेची अख्खी वाघीण उचलायची, खालच्या रुंद बोगी काढून अरुंद बोगी सरकवायच्या आणि वाघीण तशीच डोंगरात पाठवायची. 3 फुटी रुळावर चाललेली ती थोराड वाघीण मॉडेलमध्ये दिसली, की ही रेल्वे कशी जगत होती ते न सांगता कळतं. बाल्डविन कंपनीची तिची मिकाडो इंजिनं देखणी होती खरी, पण ही गोष्ट ती सांगू शकत नाहीत.

दुसरं कारण पोलादाचं. बहुतेक नॅरोगेज रेल्वे लाकडी डब्यांवर भागवत होत्या, तेव्हा, म्हणजे 1913 पासून, या रेल्वेने पोलादी हॉपर वाघिणी वापरात आणल्या आणि पुढे रॉकहिलच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये त्या बांधल्याही. आजूबाजूच्या नॅरोगेज रेल्वे एकामागून एक बंद पडत असताना ही 1956 पर्यंत टिकली. त्याचं बरंचसं श्रेय मी त्या वर्कशॉपमधल्या कारागिरांना देतो.

आता बनवण्याविषयी. मी 1:87 प्रमाणात काम करतो. त्यात 3 फूट गेज साडेदहा मिलिमीटरचा होतो. पहिला नियम, एक साल ठरवा. 1920 ची लाकडी वाघीण आणि 1950 ची गंजकी पोलादी वाघीण एकाच गाडीत जोडली, तर इतिहासाचा काला होतो. दुसरा, कोळशाचा भार काढता-घालता आला पाहिजे. खाणीकडून भरलेली गाडी उतरते आणि रिकामी वर जाते. भरलेली वाघीण पुन्हा खाणीकडे चढताना दिसली की सगळं खोटं ठरतं. फोमच्या तुकड्यावर खऱ्या कोळशाची पूड चिकटवली की काम झालं. तिसरा, गंज आतून सुरू करा. ओला कोळसा आतला रंग खरवडून काढतो, म्हणून रिकामी हॉपर बाहेरून बरी आणि आतून तांबडी दिसते. धुळीसाठी मला बाजारात जावं लागत नाही. राजस्थानातली ही पोस्टिंग त्या बाबतीत फार उदार आहे.

“तीस सारख्या वाघिणी बनवायचा कंटाळा येत नाही?” असा आक्षेप नेहमी येतो. ॲलन मॅक्लेलंड या अमेरिकन मॉडेलकाराने ॲपलाचियन प्रदेशातली ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही काल्पनिक कोळसा रेल्वे उभी केली. प्रत्येक वस्तू ‘पुरेशी चांगली’ असली की झालं, गाडी आणि तिचं काम खरं वाटलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. फौजेत आपण हेच सँड मॉडेलवर शिकलो. टेकडीचा रंग किती सुंदर आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. पण नाला चुकीच्या जागी दाखवला, तर त्याची किंमत प्लाटून मोजते. मॉडेल कामाचं असावं, हा संस्कार तिथला.

शिवाय सोयीचा मुद्दा आहेच. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला रुळांचं मोठं टेबल बाळगता येत नाही. वाघिणी मात्र जुन्या गंज्यांत गुंडाळून एका काळ्या ट्रंकेत बसतात.

ईस्ट ब्रॉड टॉप नशीबवान ठरली. कोवालचिक या भंगाराच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली, पण मोडीत काढली नाही. 1960 पासून पर्यटकांसाठी गाडी धावू लागली. ती 2011 नंतर बंद पडली, तर 2020 मध्ये एका फाउंडेशनने रेल्वे ताब्यात घेतली आणि 2023 मध्ये 16 नंबरचं इंजिन पुन्हा वाफेवर आलं. लोक त्याचे फोटो काढतात. कोळसा वाहणाऱ्या हॉपर मात्र माउंट युनियनच्या यार्डात झाडाझुडपांत कित्येक दशकं उभ्या राहिल्या.

आपल्याकडे बार्शी लाइट होती. अडीच फुटी, 1897 ची, एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बांधलेली, आणि कुर्डुवाडीला तिचाही माल ब्रॉडगेजवर चढवावा लागे. तिच्या वाघिणींचं मॉडेल माझ्या पाहण्यात नाही. बार्शी, लातूर, पंढरपूरकडचे वाचक आणि रेल्वे टीएतले निवृत्त सहकारी हे वाचत असतील, तर घरातले जुने फोटो एकदा काढून बघा. इंजिनासमोर उभे असलेले आजोबा सापडतीलच. त्यांच्या मागे एखादी वाघीण दिसली, तर तिची लांबी-रुंदी, नंबर, दारांची जागा, जे कळेल ते लिहून ठेवा. त्यावरून मॉडेल मी बनवतो.