अभ्यासक्रमातून कोणाला काढता?

विद्यापीठाच्या कोणत्याही विभागाचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. इतकी चर्चासत्रे झाली, इतके शोधनिबंध छापून आले, अमुक प्राध्यापकांना पुरस्कार मिळाला, इतके विद्यार्थी नेट-सेट उत्तीर्ण झाले. हे सारे चांगलेच आहे. आपल्या वस्तीतली मुलगी पीएचडी होते तेव्हा बुद्धविहारात तिचा सत्कार होतो आणि व्हायलाच हवा. पण राज्यशास्त्र विभागाची खरी कमाई या यादीत सापडत नाही. राज्यशास्त्र म्हणजे सत्तेचा अभ्यास. सत्तेचा अभ्यास करणारे लोक सत्तेचे बोट उगारले की वाकतात की ताठ उभे राहतात, हीच त्या विभागाची परीक्षा होय!

दिल्ली विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाची ही परीक्षा २०१८ साली झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या शैक्षणिक बाबींसंबंधीच्या स्थायी समितीत एम. ए. च्या अभ्यासक्रमावर चर्चा झाली आणि कांचा इलय्या यांची तीन पुस्तके वाचन यादीतून काढावीत असे सुचवले गेले. ‘व्हाय आय अ‍ॅम नॉट अ हिंदू’, ‘गॉड अ‍ॅज पोलिटिकल फिलॉसॉफर’ आणि ‘पोस्ट-हिंदू इंडिया’ ही ती पुस्तके. कारण काय, तर त्यांतून हिंदू धर्माचा अवमान होतो! एवढ्यावर भागले नाही. अभ्यासात ‘दलित’ हा शब्दच वापरू नये, असाही सूर तेथे निघाला. विभागाने मात्र पुस्तके काढण्यास नकार दिला. काय शिकवायचे ते त्या विषयाचे अभ्यासक ठरवतील, ही भूमिका घेऊन नोव्हेंबरमध्ये विभाग ठाम राहिला. शंभर चर्चासत्रांपेक्षा हा एक नकार आम्हाला मोठा वाटतो.

इलय्या कोण? तेलंगणातील मेंढपाळ समाजात जन्मलेला, उस्मानिया विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेला हा माणूस. १९९६ च्या पहिल्या पुस्तकात त्यांनी आपल्या घरातले देव, आपल्या माणसांचे श्रम, आपल्या बायाबापड्यांचे जगणे समोर ठेवले आणि विचारले, हे सारे तुमच्या ग्रंथांत कुठे आहे? दुसऱ्या पुस्तकात त्यांनी तथागत बुद्धाला राजकीय विचारवंत म्हणून मांडले. राज्यशास्त्राच्या वर्गात हे शिकवायचे नाही, तर कुठे शिकवायचे?

बुद्धाचा आणि राज्यशास्त्राचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील बाबासाहेबांचे भाषण वाचावे. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी हे संसदीय कामकाजाचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते, हे त्यांनी त्या दिवशी साऱ्या देशाला सांगितले. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात राजा आकाशातून उतरत नाही. लोक त्याला निवडतात, म्हणून तो ‘महासम्मत’. याच दिल्ली विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात मनू आणि कौटिल्याच्या सोबत अग्गञ्ञ सुत्तही नेमलेले होते. राजा दंडाने मोठा होतो की लोकांच्या संमतीने, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे खरा उभा राहायचा तर दोन्ही बाजू टेबलावर हव्यात.

म्हणूनच आमची मागणी मनूला वर्गाबाहेर काढा अशी नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, पण बाबासाहेबांनी ती वाचली नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या ग्रंथांत पानोपानी तिचे दाखले आहेत. जाळणाऱ्याने आधी वाचले होते. काढा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी इलय्या वाचले होते?

‘हे गाळा, ते गाळा’ हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि मजकूर पाहून काही भाग वगळण्याची गळ घातली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि आज ते जगभर वाचले जाते. १९८७-८८ साली ‘रिडल्स’च्या वेळी महाराष्ट्रात हेच घडले. रामकृष्णांवरचे परिशिष्ट गाळा म्हणून गदारोळ झाला, तेव्हा भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरला.

गाळणाऱ्यांचा हात दिल्लीत २०१८ नंतरही थांबला नाही. मे २०२३ मध्ये तत्त्वज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमातून खुद्द बाबासाहेबांवरील अभ्यासपत्रिका काढण्याची सूचना आली आणि त्या विभागाने विरोध केला. त्याच महिन्यात राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातून इक्बाल वगळण्याचा ठराव विद्या परिषदेने केला. २०२५ साली एम. ए. राज्यशास्त्रातील पाकिस्तान, चीन, इस्लाम आणि राजकीय हिंसा यांवरील अभ्यासपत्रिकांवर तीच स्थायी समिती घसरली. इक्बालचे सगळे विचार आम्हाला पटतात असे नाही. पण आज इक्बाल निघताना आपण गप्प बसलो, तर उद्या इलय्या निघतील आणि परवा बाबासाहेब. क्रम ठरलेलाच असतो.

येथे आपणही आरशात पाहिले पाहिजे. मे २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील १९४९ च्या एका व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले. त्या पुस्तकांच्या एका सल्लागार प्राध्यापकाच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची आपल्यापैकीच काहींनी मोडतोड केली. बाबासाहेबांबद्दलच्या प्रेमापोटी आलेला तो संताप खोटा नव्हता, पण तो मार्ग बाबासाहेबांचा नव्हता. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथाला ग्रंथाने उत्तर दिले त्यांच्या अनुयायांनी खुर्च्या-काचा फोडून काय मिळवले? पुस्तक काढा म्हणणाऱ्यांच्या हाती आपण आयते कोलीत दिले, एवढेच.

‘दलित’ शब्दाचेही तसेच. आपल्यातच त्यावर मतभेद आहेत. कोणी बौद्ध म्हणतो, कोणी आंबेडकरी, तर कोणाला १९७२ च्या पँथरची ठिणगी त्या शब्दात अजून दिसते. हा वाद आपला आहे, तो आपण घालू. पण विद्यापीठातील एखादी समिती तो शब्दच पुसायला निघाली, तर तिच्या मनात आपला स्वाभिमान नसतो, आपला इतिहास खोडून काढायचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

मग करायचे काय? निषेधाची पत्रके काढणे सोपे आहे. पण अभ्यासक्रम ठरतो अभ्यास मंडळात आणि विद्या परिषदेत. तिथे आपली किती माणसे आहेत? आपली नेट-सेट झालेली मुले तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात वर्षे काढतात आणि मंजूर पदे रिकामी राहतात. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा पुस्तकांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवला, अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवले, आरक्षित पदे भरण्यासाठी पाठपुरावा केला, तर पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणणारा आवाज आपल्या घरातूनही उठेल. दिल्लीच्या त्या विभागाचे अभिनंदन करताना तसा आवाज घडवण्याची जबाबदारी आपण घेतली पाहिजे. शिका हा बाबासाहेबांचा पहिला आदेश होता. काय शिकवले जाते यावर पहारा ठेवणे हाही त्याच आदेशाचा भाग आहे. जयभीम!